दूध डेअरीच्या डब्यात लिनक्स घालावा का?

ओहमकार (सोमवार, रात्री १०:४२)

मंडळी, आधी थोडी तक्रार आहे आणि शेवटी खरोखरीचा प्रश्न आहे. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

अकरा वर्षं मी एकटाच एम्बेडेडची (यंत्राच्या पोटातल्या छोट्या संगणकांची) कामं करतो. सांगलीतल्या घराचा माळा हेच ऑफिस. हप्त्यावर घेतलेला ऑसिलोस्कोप आहे, हप्ते फिटले, आता तो बिघडू नये एवढीच इच्छा.

गेल्या जुलैत पहाटे पावणेसहाला फोन. "साहेब, डबा उठंना." डबा म्हणजे दूध संकलन केंद्रावरचं यंत्र: एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला फॅट मशीन, पावतीचा छोटा प्रिंटर, आणि मधोमध एसडी कार्डावरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा बोर्ड. डिझाईन माझं नव्हतं. आधीच्या पोरानं मालकाला डेमो दाखवला, डेमो आवडला, आणि तोच डेमो चाळीस गावांत बसला. पोरगा पुढं बंगळुरूला नोकरीला लागला आणि चाळीस डबे माझ्या गळ्यात आले.

पावसात अडतीस किलोमीटर मोटरसायकल. डबा उघडला तर पॉवर सप्लायवर पालीची अंडी. ती अलगद बाजूला करून सिरीयल केबल लावली. स्क्रीनवर कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं हात टेकलेले: रूट फाईल सिस्टिम (सगळ्या फाईलींची मूळ मांडणी) सापडत नाही. रात्रीत तीनदा लाईट गेली होती. कार्ड गेलं. दुसरं कार्ड घातलं, डबा उठला, पण चार दिवसांच्या नोंदी गेल्या त्या गेल्या. मग लोकांनी खिशातल्या पावत्या काढल्या. थर्मल कागद, घामानं आणि दुधानं निम्म्या पांढऱ्या पडलेल्या. एक आजी पावती माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "वाच की रं." काय वाचू? कोरा कागद होता.

आता मत. लिनक्स वाईट नाही, माझं पोटच त्याच्यावर आहे. पण लिनक्सचा डबा विकणं म्हणजे म्हैस विकणं. घेणाऱ्याला वाटतं खरेदी झाली. वैरण-पाणी रोज लागतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न असा. नवीन गिऱ्हाईक आलंय, तीनशे केंद्रं. त्यांनाही लिनक्सच पाहिजे, रंगीत टचस्क्रीनसकट. सरळ नको म्हणून सांगू का, मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपवरचा छोटा संगणक, लिनक्सशिवाय चालणारा) भागवा म्हणून? आणि हो म्हटलं तर पुढच्या दहा वर्षांच्या वैरणीचे पैसे कुठल्या तोंडानं मागू?

खटपट्या (सोमवार, रात्री १०:५५)

ज्या तोंडानं बोर्डाचे मागता त्याच तोंडानं. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा)

मिनीकॉम (सोमवार, रात्री ११:३१)

लेख आवडला, निष्कर्ष नाही पटला. दोष लिनक्सचा नाही, डेमो विकणाऱ्याचा आहे.

प्रोग्रॅमनं फाईल लिहिली म्हणजे ती कार्डावर गेली, असं नसतं. कर्नल ती रॅममध्ये धरून ठेवतो, नेहमीच्या सेटिंगला तीस सेकंदांपर्यंत. मध्येच लाईट गेली की गेलं. त्यामुळे नोंद केली की एफसिंक (आत्ताच कार्डावर लिही, हा हुकूम) मारायचा, फाईल बदलायची असेल तर शेजारी नवी लिहून मग नाव बदलायचं. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, ग्राहक शिकवतो.

दुसरं, रूट फाईल सिस्टिम लिहिता येईल अशी ठेवायचीच कशाला? स्क्वॉशएफएसमध्ये (फक्त वाचता येणाऱ्या फाईल सिस्टिममध्ये) गोठवून टाका. नोंदींसाठी वेगळं पार्टिशन. सिस्टिमच्या दोन प्रती ठेवा. एक चालू असताना अपडेट दुसरीवर जातो. नवी प्रत तीनदा उठली नाही तर यू-बूट (लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम) आपणहून जुनीवर परततो, त्यासाठी त्यात बूट मोजायची सोय आहे. अपडेटसाठी राऊक घ्या नाहीतर एसडब्ल्यूअपडेट घ्या, दोन्ही फुकट आहेत. वॉचडॉग (सिस्टिम अडकली की रीसेट करणारा राखणदार) चालू ठेवा. एसडी कार्ड फेका, बोर्डवर सोल्डर केलेली ईएमएमसी मेमरी चिप घ्या. माझे असे डबे भोसरीत आणि चाकणला सहा वर्षं चालू आहेत, मी तिकडे फिरकलेलोही नाही.

अर्धा_चहा (मंगळवार, सकाळी ७:१२)

मिनीकॉम, बाकी सगळं मान्य, पण "गोठवून टाका" इतकं सोपं नाही. कार्डाच्या आत स्वतःचा एक कंट्रोलर बसलेला असतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो तुम्हाला न विचारता डेटा इकडचा तिकडे हलवतो. हलवताना लाईट गेली तर ज्या पार्टिशनला तुम्ही हातही लावला नव्हता तेही खराब होऊ शकतं. "मी तर नुसतं वाचत होतो" म्हणून रडणारे लोक पाहिलेत. मी स्वतः रडलोय.

ईएमएमसीत हे कमी होतं, संपत नाही. उपाय तारेतच आहे. सप्लाय पडायला लागला की इशारा देणारी एक पिन आणि दोन सेकंद तग धरणारे सुपरकपॅसिटर. दोन सेकंदांत नोंद लिहून फाईल सिस्टिम बंद होते. पण कोटेशनमध्ये हे दोन कपॅसिटर टाकले की पर्चेसवाला पहिली काट तिथेच मारतो.

वैदर्भीय_वाघोबा (मंगळवार, सकाळी ८:०३)

माह्या वावरातल्या मोटरच्या स्टार्टरले बी एक दिवस लिनक्स लावतीन हे लोकं. मंग अपडेट होयेपर्यंत पऱ्हाटी वाळून जाईन.

शेंगदाणा (मंगळवार, सकाळी ९:४०)

धागा थोडा भरकटवतो, माफ करा. मी तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. कॉलेजात अजून ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर चालू आहे. तो १९८० चा आहे, माझ्या बाबांच्या शाळेच्या वयाचा! एम्बेडेड लिनक्स शिकायचं तर थेट योक्टो (बोर्डासाठी लिनक्स बांधायचं साधन) सुरू करू का? नोकरीच्या जाहिरातींत सगळीकडे तेच दिसतं.

जुना_जकातनाका (मंगळवार, सकाळी ११:२६)

शेंगदाणा बाळा, ८०५१ ला नावं ठेवू नकोस, त्यानं माझ्या दोन मुलींची लग्नं केली आहेत.

योक्टोनं सुरुवात करू नको. पहिला बिल्ड लावायचा, जेवायचं, झोपायचं, सकाळी उठून बघायचं की रात्री दोनला डिस्क भरून थांबलाय. आधी बिल्डरूट घे. लहान आहे, मेकफाईल वाचता येतात, संध्याकाळपर्यंत बोर्ड उठतो. कर्नल कुठे संपतो, बिझीबॉक्स (रोजच्या छोट्या कमांडींचा संच) कुठे सुरू होतो हे डोळ्यांनी दिसतं. ते कळलं की योक्टो वाईट नाही. एकाच कारखान्याचे पाच वेगवेगळे बोर्ड सांभाळायचे असतील तर त्याला पर्यायही फारसा नाही.

आणि पहिली खरेदी बोर्डाची करू नको, केबलची कर. पुण्यात असशील तर बुधवारात पासोड्या विठोबापाशी जा, मुंबईत असशील तर लॅमिंग्टन रोड. यूएसबी ते सिरीयल केबल माग आणि दुकानदाराला तीनदा विचार, "३.३ व्होल्टची ना?" १९९८ पासून या धंद्यात असलेल्या माणसानं, म्हणजे मी, दोन वर्षांपूर्वी काट्याची आरएस-२३२ ची तार सरळ बोर्डच्या पिनला लावली. त्या तारेवर उणे-अधिक बारा व्होल्ट असू शकतात. बोर्डनं काही आवाज केला नाही, धूर नाही, वास नाही. फक्त पुन्हा कधी बोलला नाही. माझी आत्या अशीच गेली.

खटपट्या (मंगळवार, सकाळी ११:३०)

जकातनाका काका, आत्याला कुठल्या पिनला लावलं होतं? (हलकं घ्या.)

तांबडा_रस्सा (मंगळवार, दुपारी १:१५)

नमस्कार. मी इंजिनेर नाही. आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे, अठरा वर्षं. माझ्या पुतण्यानं हा धागा दाखवला, म्हणून खातं काढलं. बोलायचं ते रोखठोक बोलतो.

आमच्याकडं पयलं यंत्र होतं त्याला चार ओळीची हिरवी पट्टी आन रबरी बटणं. बटण दाबलं की चालू. लाईट गेली, आली, की जिथं होतं तिथनं पुढं. मग कंपनीवाल्यानं नवीन दिलं, टीव्हीसारखी स्क्रीन. आधी एक पेंग्विन येतो, मग अक्षरं पळत्यात, मग कंपनीचं चित्र. मी मोबाईल लावून मोजलं, पावती निघायला ४७ सेकंद. आता तुमी म्हणाल ४७ सेकंद म्हंजे काय. सकाळी सहा ते साडेसात माझ्याकडं दोनशे दहा माणसं किटल्या घिऊन उभी असत्यात. कुणाला उसाला जायचंय, कुणाच्या पोराची यष्टी. त्यात दोनदा लाईट गेली की लोक पेंग्विनकडं बघत नाहीत, माझ्याकडं बघत्यात.

आन एक गंमत सांगतो. एका सकाळी लाईट येऊन यंत्र चालू झालं, आन पहिल्याच माणसाची पावती निघाली, दूध ६.४ लिटर, फॅट ११.२. म्हशीला सुदिक ११ फॅट लागत नाही वो. पुढच्याचं दूध ३.८, फॅट २३.५. तो माणूस खूश, म्हणाला सचिव, दर काढा. माझ्या ध्यानात आलं, काट्याचा आकडा फॅटात आन फॅटचा आकडा काट्यात. कंपनीवाला फोनवर म्हणाला, मागच्या दोन वायरी अदलाबदल करा. केल्या. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, आली, पुन्हा उलटं. ही काय भुताटकी हाय का?

आमाला लिनक्स काय नि फिनक्स काय. पावती निघाली पायजे, आन रातच्याला लाईट गेली तरी सकाळी हिशेब जाग्यावर पायजे.

अर्धा_चहा (मंगळवार, दुपारी १:२२)

सचिव, दंडवत. धाग्याचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

ओहमकार (मंगळवार, दुपारी २:०५)

सचिव साहेब, भुताटकी नाही, आणि हा घोळ मीही एकदा स्वतः घातलाय, त्यामुळे हसणार नाही.

काटा आणि फॅट मशीन दोन्ही यूएसबीच्या सिरीयल केबलनं जोडलेली असतात. लिनक्स त्यांना नावं देतो ती ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं, शून्य आणि एक. दोघी एकदम जाग्या झाल्या की कधी ही आधी, कधी ती आधी. स्वस्तातल्या केबलींना आतमध्ये स्वतःचा अनुक्रमांकही नसतो, दोन्ही अगदी जुळ्या बहिणी. उपाय इतकाच की नाव नंबरावरून न धरता मागच्या कुठल्या भोकात केबल आहे त्यावरून धरायचं. यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या प्रोग्रॅमचा) एका ओळीचा नियम. तुमच्या माणसानं तो लिहिलेला नाही. आणि मग भोकावर ऑइल पेंटनं "काटा" लिहायचं, कारण झाडलोट करणारा वायर काढतो आणि दिसेल तिथे खुपसतो.

४७ सेकंदांबद्दल मात्र खाली मान घालतो. ते पाच-सहा सेकंदांवर आणता येतात. नको ते ड्रायव्हर काढायचे, यू-बूटची वाट बघायची सवय मोडायची, नेटवर्कसाठी कुणी अडून बसत नाही ना ते बघायचं, ग्राफिक्स उठायच्या आधी काटा वाचायला सुरुवात करायची. आठवडाभराचं काम. त्या आठवड्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून सगळे पेंग्विन बघतात.

संपादक मंडळ (मंगळवार, दुपारी ३:१०)

गायीच्या दुधाचा दर आणि अनुदान यावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

निरुपमा_इसारकाठी (मंगळवार, सायंकाळी ६:४८)

म्युनिकहून लिहिते. इथे यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलचं काम करते, तेही लिनक्सवरच. ओहमकार, तुमची म्हैस इथे कायद्यात आली आहे. युरोपचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. नेटवर्कला जोडली जाणारी बहुतेक उपकरणं त्यात येतात. सुरक्षेतल्या ज्या त्रुटींचा कुणी प्रत्यक्ष गैरफायदा घेतोय त्या कळवण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकी बहुतेक सगळं ११ डिसेंबर २०२७ पासून. उपकरण त्याहून कमी काळ वापरलं जाणार असेल तर गोष्ट वेगळी, एरवी उत्पादकानं किमान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यायचे. भोसरीतून इकडे माल पाठवणारा आमचा एक पुरवठादार आहे, त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ज्यानं कोड लिहिला तो मुलगाच सोडून गेला."

दुसरीकडे कर्नलवाल्यांनी हात आखडता घेतलाय. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सहा वर्षं सांभाळायचे, ते दोन वर्षांवर आणायचं २०२३ मध्ये जाहीर झालं. त्यांचंही बरोबर आहे. सांभाळणारी माणसं मोजकी, थकलेली, आणि फुकट वापरणाऱ्या कंपन्या अगणित. दहा वर्षं हवी असतील तर सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्मचे कर्नल आहेत, ४.१९, ५.१०, ६.१ वगैरे. वीज आणि रेल्वेची उपकरणं करणाऱ्यांनी एकत्र येऊन ते चालवलंय. तीनशे डब्यांसाठी मी तिथूनच सुरुवात करीन.

आणि बोर्ड ३२ बिटचा असेल तर घड्याळ तपासा. १९ जानेवारी २०३८.

मिनीकॉम (मंगळवार, सायंकाळी ७:०५)

निरुपमा ताईंनी शेवटी टाकलेली ओळ नवीन वाचकांसाठी: जुन्या ३२ बिट सिस्टिम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. तो आकडा त्या दिवशी मावेनासा होतो आणि घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जातं. कर्नलमध्ये ३२ बिटसाठी हे ५.६ मध्ये, म्हणजे २०२० साली निस्तरलं. पण वरची सी लायब्ररी आणि तुमचा स्वतःचा प्रोग्रॅमही तसाच बांधलेला लागतो. ओहमकार, तुमच्या चाळीस डब्यांत कुठला कर्नल आहे?

ओहमकार (मंगळवार, सायंकाळी ७:१९)

विचारू नका. ४.९. बोर्डवाल्यानं स्वतःचे हजारो बदल कोंबून दिलेला. ना तो पुढं सरकवता येतो, ना मागं.

बाकी ती वेळ मी आत्ताच भारतीय वेळेत काढली. मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. थंडीचे दिवस, उशिरा येणाऱ्यांचं संकलन चालू असणार.

तांबडा_रस्सा (मंगळवार, सायंकाळी ७:३३)

१९०१ सालचा दर लागणार का मग?

वैदर्भीय_वाघोबा (मंगळवार, सायंकाळी ७:३५)

राणीच्या छापाचे रुपये काढून ठेवा सचिव.

प्रोसेस_क्रमांक_एक (मंगळवार, रात्री ९:५०)

कुणी रिअल टाइमचं बोललंच नाही, आश्चर्य आहे. रिअल टाइमचे पॅच वीस वर्षं बाहेर होते, ते २०२४ च्या ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले. व्हिएन्नात ते पॅच सांभाळणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनरनी ते सामावून घ्यायची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून लिनक्सच्या जनकाच्या, लिनसच्या हातात दिली होती! आता मायक्रोकंट्रोलरचा हट्ट धरायचं कारण काय?

अर्धा_चहा (मंगळवार, रात्री १०:१४)

बातमी मोठी आहे, माझाही तो आनंदाचा दिवस होता. पण दुधाच्या काट्याला रिअल टाइम कशाला? काटा स्थिर व्हायलाच दोन सेकंद लागतात.

रिअल टाइम म्हणजे जलद नव्हे, वेळेवर. आणि रिअल टाइम सिस्टिम घेतली म्हणजे सुटलो असंही नाही. १९९७ चं पाथफाइंडर यान मंगळावर जाऊन पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. त्यावर व्हीएक्सवर्क्स होती, अस्सल रिअल टाइम. हवामानाचं एक किरकोळ काम माहितीची ने-आण करणाऱ्या बसचं कुलूप धरून बसलं, मधल्या दर्जाची कामं त्याला पुढं जाऊ देईनात, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम कुलपाबाहेर ताटकळत. वॉचडॉगला वाटलं सिस्टिम मेली. पृथ्वीवरून एक सेटिंग बदललं आणि सुरळीत झालं. म्हणजे बघा, त्यांच्याकडे मंगळावर अपडेट पाठवायची सोय होती. आपल्याला अडतीस किलोमीटरवर पाठवता येत नाही.

कोकणकडा (मंगळवार, रात्री ११:०२)

मूळ प्रश्नाचा अर्धा भाग सगळ्यांनी सोडून दिलाय: पैसे. मी चौदा वर्षं फ्रीलान्स करते, त्यामुळे एवढ्यापुरतं बोलते.

देखभाल वेगळी विकू नका. "एएमसी (वार्षिक देखभाल करार) घ्या" म्हटलं की पहिलं उत्तर, "वर्षभर बघू, मग ठरवू." मग वर्षानंतर डबा बंद पडतो आणि फोन येतो जुन्या ओळखीवर. मी डब्यामागे वर्षाला रक्कम लावते आणि पहिल्या तीन वर्षांची किमतीतच धरते. गिऱ्हाईक कमी करायला सांगेल, तेव्हा रक्कम कमी न करता काय मिळणार नाही ते कमी करायचं. "सुरक्षेचे अपडेट नकोत" असं त्यांनी स्वतः सही करून द्यायचं. आजवर कुणी सही केलेली नाही. सही करायची वेळ आली की पैसे निघतात.

दुसरं, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर उद्या करा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ४३बी(एच) नं २०२४-२५ या आकारणी वर्षापासून मोठा हातभार लावलाय. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर करारात ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या सीएला नम्र आठवण करून द्यायची. मालक फोन उचलत नसेल, पण सीए उचलतो.

आणि "लिनक्स तर फुकट आहे, मग सॉफ्टवेअरचे कसले पैसे" या वाक्याला माझं ठरलेलं उत्तर: विहिरीचं पाणी फुकट असतं, पंप बसवणारा नसतो. उलट त्यांना हेही सांगायला हवं की डबा विकला की जीपीएलचं (लिनक्सच्या परवान्याचं) बंधन त्यांच्यावर येतं. डब्यासोबत कर्नलचा सोर्स द्यायचा, किंवा मागेल त्याला किमान तीन वर्षं देऊ असं लेखी सोबत ठेवायचं. २००७ मध्ये अमेरिकेत बिझीबॉक्सवरून लोक कोर्टात गेले होते. हे ऐकल्यावर चेहरा बदलतो.

खटपट्या (मंगळवार, रात्री ११:०९)

वाखू (वाचनखूण) साठवली.

मिनीकॉम (बुधवार, सकाळी ८:२०)

सगळे मायक्रोकंट्रोलरच्या बाजूनं माना डोलावताय म्हणून एक अडचण मांडतो. पावती मराठीत लागते. लिनक्सवर फाँट टाकला की हार्फबझ सगळी जोडाक्षरं लावून देतो. मायक्रोकंट्रोलरवर "कृष्णात" लिहून दाखवा. "क", मग लोंबकळणारा ऋकार, मग पायमोडका "ष", मग "ण". सचिवांकडे कृष्णात किती आहेत?

तांबडा_रस्सा (बुधवार, सकाळी ८:४१)

कृष्णात नऊ. ज्ञानदेव चार. एक हृषीकेश हाय, त्याचं नाव यंत्रात कुणालाच नीट आलं नाही, आमी त्याला ऋषी म्हणूनच भरलाय.

अर्धा_चहा (बुधवार, सकाळी ९:३०)

अडचण खरी आहे, पण जोडाक्षरं डब्यात जुळवायची गरजच नाही. सभासदांची यादी ठरलेली असते. नाव ऑफिसच्या संगणकावर एकदा चित्र म्हणून काढा. ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरला आडवे ३८४ ठिपके असतात. २४ ठिपके उंचीची ओळ धरली तर एका नावाला ११५२ बाईट. तीनशे सभासदांचे साडेतीन लाख बाईट. फ्लॅशच्या एका छोट्या चिपमध्ये आरामात बसतात. "एकूण", "फॅट", "दर" हे शब्द तसेच. आकड्यांचे दहा ठिपकेचित्र. हृषीकेशसुद्धा सुरेख छापला जाईल.

नोंदींसाठी एफरॅम (लाईट गेली तरी न विसरणारी मेमरी) घ्या. लिहिलं की लिहिलं, थांबायचं नाही, झिजायची भीती नाही. तीनशे सभासद, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे सहा हजार नोंदी. नोंदीला ३२ बाईट धरले तरी १,९२,००० होतात. २५६ केबीच्या चिपमध्ये मावतात, आणि पुढं ऑफिसात गेल्या की जागा मोकळी.

मिनीकॉम (बुधवार, सकाळी ९:४४)

नावाचं चित्र करायचं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. या मुद्द्यापुरता हरलो. नवा सभासद आला की काय, हा प्रश्न राखून ठेवतो.

तांबडा_रस्सा (बुधवार, सकाळी ९:५८)

नवा सभासद ठराव होऊन येतो वो, बैठकीत. आठ दिस लागत्यात.

ओहमकार (शुक्रवार, रात्री ९:१५)

मूळ प्रश्नाला परत येतो. काल गिऱ्हाइकाकडे बैठक झाली, या धाग्याची पानं छापून नेली होती. सचिवांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. पेंग्विनवर मालक हसले, फॅट २३.५ वर हसायचे थांबले.

मांडलं ते असं. गावातल्या तीनशे डब्यांत लिनक्स नाही. मायक्रोकंट्रोलर, एफरॅम, रबरी बटणं, हिरवी पट्टी. चालू केल्यावर एका सेकंदात तयार. नावांची चित्रं अर्धा_चहा यांच्या पद्धतीनं. लिनक्स फक्त नऊ शीतकरण केंद्रांवर, तिथं जनरेटर आहे, माणूस आहे, आणि मिनीकॉम म्हणतात तशी सगळी बडदास्त: दोन प्रती, वॉचडॉग, ईएमएमसी, कर्नल निरुपमा ताईंनी सांगितलेला. म्हशी नऊच, पण वैरण पक्की. तीन वर्षांची देखभाल किमतीत, कोकणकडा यांच्या शब्दांत. "अपडेट नकोत" ची सही पुढं केली, त्यांनी पेन उचललं, ठेवलं, आणि देखभाल मंजूर. सुपरकपॅसिटरही वाचले.

सगळं ठरलं. उठताना मालक म्हणाले, "फक्त एक करा. सकाळी डबा चालू केला की संस्थापक दादांचा फोटो दिसला पाहिजे. रंगीत."

हिरव्या पट्टीवर चार ओळी येतात. आता रंगीत पडदा घातला की मोठा प्रोसेसर आला, प्रोसेसर आला की लिनक्स आला, आणि मी परत सोमवारच्या पहिल्या पानावर.

जुना_जकातनाका (शुक्रवार, रात्री ९:२८)

फोटो स्टुडिओतून काढून आण. लॅमिनेट कर. डब्यावर चिकटव. लाईट गेली तरी दादा दिसतात.

मिनीकॉम (शुक्रवार, रात्री ९:३१)

आणि बूट टाइम शून्य.

ओहमकार (शनिवार, दुपारी १२:०४)

सुधारित कोटेशन पाठवलं. ओळ क्रमांक १७: संस्थापकांचं रंगीत छायाचित्र, लॅमिनेशन व चिकटवणीसह, प्रति डबा ४० रुपये, नग ३००. मंजूर झालंय. हारासाठी वर खिळा मारायला सांगितलाय, तो मी नाकारला, आत पीसीबी आहे.

तांबडा_रस्सा (शनिवार, दुपारी १२:३७)

खिळा नको, आमी उदबत्ती लावू. पण साहेब, पालीचं काय केलं?

ओहमकार (शनिवार, दुपारी १२:५०)

मागच्या भोकांना बारीक जाळी. ओळ क्रमांक १८.